आपल्या घरातला उजेड येतो कुठून?

रत्नागिरी जिल्ह्याचा नकाशा भिंतीवर लावून मुलांना वीज शिकवायची ठरवली, तर दुसऱ्या जिल्ह्यात फारसे जावे लागत नाही. चिपळूण तालुक्यात पोफळीला डोंगराच्या पोटात कोयनेचे वीजघर आहे. तिथे पाण्यावर वीज होते. गुहागर तालुक्यात अंजनवेलला गॅसवर चालणारे केंद्र आहे. जयगडला बोटीने आलेला कोळसा जळतो. राजापूर तालुक्यात माडबनच्या सड्यावर अणुवीज प्रकल्पासाठी जमीन घेऊन ठेवली आहे. आणि अलीकडे गावोगाव स्लॅबवर आणि पत्र्यावर सौर पॅनेल दिसू लागली आहेत. पवनचक्क्या तेवढ्या आपल्याकडे नाहीत, पण त्याही घाट चढून पाटण तालुक्यात वनकुसवड्याच्या पठारावर गेले की रांगेने उभ्या दिसतात.

सव्वाशे वर्षांत आपल्या देशाने वीज मिळवण्याचे जेवढे मार्ग धरले, ते बहुतेक सगळे आमच्या या एका पट्ट्यात पाहायला मिळतात. मी शाळेत विज्ञान शिकवते. पुस्तकात या साऱ्याला ‘ऊर्जास्रोत’ असे नाव आहे आणि दोन गुणांचा एक तक्ता आहे. पण कोकणातल्या माणसासाठी हा तक्ता नाही. कोणाची शेती धरणात गेली, कोणाचा मुलगा वीजकेंद्रावर कामाला लागला, कोणाच्या जाळ्याला मासळी मिळेल की नाही ही धास्ती लागली. म्हणून बटण दाबल्यावर येणारा उजेड कुठून येतो आणि त्यासाठी कोणी काय दिले, हे एकदा नीट मांडावे असे बरेच दिवस मनात होते.

भारतात सार्वजनिक वापराची वीज पहिल्यांदा १८९७ मध्ये दार्जिलिंगजवळ एका डोंगरी ओढ्यावर तयार झाली. दोन वर्षांनी कलकत्त्यात कोळशावरचे केंद्र सुरू झाले. म्हणजे पाणी आणि कोळसा ही जोडी पहिल्या दिवसापासूनची आहे. मुंबईचे गणित मात्र वेगळे होते. कापडगिरण्यांना लागणारा कोळसा बंगाल-बिहारच्या बाजूने लांबचा प्रवास करून यायचा. उलट सह्याद्रीवर पाऊस भरपूर आणि घाटाचा कडा सरळ खाली उतरलेला. हे पाणी अडवून खाली सोडले तर मुंबईच्या गिरण्या चालतील, ही कल्पना जमशेदजी टाटांची. १९०४ मध्ये ते वारले. लोणावळ्याच्या तलावांचे पाणी खोपोलीला उतरवून वीज मुंबईला जाऊ लागली १९१५ मध्ये. पुढे भिवपुरी आणि भिरा ही केंद्रेही उभी राहिली. त्या गिरण्यांत राबणारा मजूर मोठ्या संख्येने आमच्या रत्नागिरीतून गेलेला होता. गिरणीत विजेचे दिवे आणि गावी घरात रॉकेलची चिमणी, असा त्याचा दोन्हीकडचा संसार कितीतरी वर्षे चालला.

स्वातंत्र्य मिळाले तेव्हा साऱ्या देशाची वीजनिर्मितीची क्षमता १३६२ मेगावॅट होती. एका माणसाच्या वाट्याला वर्षाला साधारण १६ युनिट वीज यायची. आज एकट्या कोयनेची क्षमता १९६० मेगावॅटच्या आसपास आहे. म्हणजे १९४७ मध्ये सबंध देशाकडे जेवढी होती, त्याहून जास्त. हा आकडा सांगितला की मुले एकमेकांकडे पाहतात. पोफळी त्यांनी एसटीच्या खिडकीतून पाहिलेली असते, पण रस्त्यावरून दिसते ते फार थोडे. खरा कारखाना डोंगराच्या आत आहे.

कोयना नदी निसर्गतः पूर्वेकडे जाते, कृष्णेला मिळते. तिला धरण घालून, बोगद्यातून तिचे पाणी पश्चिमेला वळवून सुमारे पावणेपाचशे मीटर खाली पाडायचे आणि त्या जोरावर चक्रे फिरवायची, अशी ही योजना. १९६२ मध्ये पहिली वीज निघाली. वापरून झालेले पाणी, ज्याला आमच्याकडे ‘अवजल’ म्हणतात, वाशिष्ठी नदीत उतरते आणि चिपळूणवरून समुद्राला जाते. त्यामुळे भर मे महिन्यातही वाशिष्ठी वाहताना दिसते. कोयनेला महाराष्ट्राची भाग्यलक्ष्मी म्हणतात ते खोटे नाही. मुंबई-पुण्याच्या कारखान्यांना तिने उभे केले.

पण या भाग्यलक्ष्मीची दुसरी बाजूही आहे. शिवसागर जलाशयाखाली कितीतरी गावे गेली. ती माणसे सोलापूर, सांगली, ठाणे, रायगड अशा दूरदूरच्या ठिकाणी नेऊन वसवली गेली. अनेकांना हक्काची जमीन मिळायला पिढ्या लागल्या आणि काहींचे अर्ज अजून फिरतच आहेत. ज्यांची चूल पाण्याखाली गेली, त्यांच्यापैकी अनेकांच्या नव्या घरात वीज यायलाही वर्षे लागली.

आणि मग ११ डिसेंबर १९६७ ची पहाट. त्या वर्षी रमजान डिसेंबरच्या सुरुवातीला लागला होता. भूकंपाचा धक्का बसला तेव्हा पहाटेचे सव्वाचार वाजून गेले होते, म्हणजे सहरीची वेळ. माझी नानी वाशिष्ठीच्या काठावरच्या गावात राहायची. ती सांगायची, चूल पेटलेली होती, दुधाचे पातेले ठेवलेले होते आणि अचानक फडताळातली भांडी आपोआप वाजू लागली. मातीच्या भिंतीला तडा गेला. सारे घर कलमा पढत अंगणात आले. हिंदू शेजारी झोपेतून उठून बाहेर येईपर्यंत मोहल्ल्यातली माणसे त्यांची दारे ठोठावत होती, कारण ती आधीच जागी होती. “रोज्याने जागे ठेवले, बेटी,” असे ती म्हणायची. कोयनानगर परिसरात सुमारे १८० माणसे गेली. वीजघर बंद पडले आणि मुंबईचे कारखाने थांबले. नानीच्या घरात मात्र त्या रात्री वीज जाण्याचा प्रश्नच नव्हता; कारण ती अजून आलीच नव्हती. दहा-पंधरा मैलांवर तयार होणारी वीज त्यांच्या डोक्यावरच्या तारांतून मुंबईला जात होती आणि खाली कंदील होता. गावात खांब आले ते सत्तरच्या दशकात.

धरणात साठलेल्या पाण्याच्या भारामुळे आणि जमिनीत मुरलेल्या पाण्यामुळे भूकंपाला चालना मिळू शकते, याचे जगभर दिले जाणारे उदाहरण म्हणजे कोयना. पुढे धरण आणखी मजबूत केले गेले आणि ते आजही उभे आहे. पण पाण्याची वीज म्हणजे निर्धोक, फुकटची वीज, हा समज त्या पहाटेने पुसून टाकला.

साठच्या दशकात देशाच्या वीजक्षमतेत पाण्याचा वाटा जवळजवळ निम्मा होता. आज तो दहाव्या हिश्श्याच्या आसपास आला आहे. याचा अर्थ धरणे बंद पडली असा नाही, ती वाढलीच. पण मागणी त्याहून कितीतरी वेगाने वाढली. कोयनेतून पश्चिमेला वर्षाला किती पाणी वळवायचे यावर कृष्णा पाणीवाटप लवादाने ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली, कारण त्याच पाण्यावर खाली सांगलीपासून कर्नाटक-आंध्रापर्यंतच्या शेतकऱ्यांचाही हक्क आहे. पाऊस कमी झाला की वीज कमी. उरलेली मागणी भागवायला पुढे आला तो कोळसा.

कोळसा आपल्या देशात मुबलक आहे, म्हणून तो आला. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले. मग खाणीच्या तोंडाशीच मोठमोठी केंद्रे उभी राहू लागली. आपल्या राज्यात विदर्भातले चंद्रपूर हे त्यातले सर्वांत मोठे. आज त्याची क्षमता २९२० मेगावॅट आहे. एक युनिट वीज तयार करायला साधारण ७०० ग्रॅम कोळसा लागतो. मी मुलांना घरचे बिल आणायला सांगते आणि हिशेब करायला लावते. महिन्याला १५० युनिट वापरणारे घर घ्या. देशात तयार होणाऱ्या विजेपैकी सत्तर टक्क्यांहून जास्त अजूनही कोळशाची आहे. म्हणजे त्या घरासाठी दर महिन्याला पंच्याहत्तर किलोच्या आसपास कोळसा कुठेतरी जळतो. दीड पोते! आपल्या अंगणात कोणी दर महिन्याला दीड पोते कोळसा जाळला असता, तर पहिल्याच दिवशी खोकून आपण त्याच्याशी भांडलो असतो. तो चंद्रपूरला जळतो, म्हणून आपल्याला दिसत नाही. तिथल्या वाळत घातलेल्या कपड्यांवर बसणारी राख आणि तिथल्या मुलांचा दमा आपल्या बिलात छापलेला नसतो.

हा कोळसा म्हणजे काय, तर पंचवीस कोटी वर्षांहून जुनी, जमिनीत गाडली गेलेली झाडे. सूर्याच्या उन्हावर वाढलेली ती हिरवळ आज आपल्या गिझरमध्ये पाणी तापवते आहे. जुमेरातीला अनेक घरांत सूरह यासीन पढली जाते. तिच्या शेवटाकडे, अल्लाहने हिरव्या झाडातून आग निर्माण केली, असा उल्लेख येतो. त्यातून विज्ञानाचा सिद्धान्त काढण्याचा हट्ट मी धरत नाही; ते काम जाणकारांचे. पण कोळशाचा धडा शिकवून घरी आल्यावर ती आयत वाचली की मन थबकते. ज्याने ही ठेव कोट्यवधी वर्षे जपून ठेवली, त्याच्यासमोर ती दोन-तीन पिढ्यांत उधळून टाकल्याचा हिशेब आपण कसा देणार?

नव्वदच्या दशकात गॅसची पाळी आली. अंजनवेलच्या प्रकल्पाला आमच्याकडे लोक अजूनही ‘एनरॉन’च म्हणतात, जरी ती कंपनी २००१ च्या डिसेंबरमध्ये दिवाळखोरीत निघाली. १९९३ मध्ये करार, १९९५ मध्ये तो रद्द, मग पुन्हा वाटाघाटी, १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू आणि २००१ मध्ये वीज परवडत नाही म्हणून राज्य वीज मंडळाने घेणे थांबवले. इंधन परदेशी, त्याची किंमत डॉलरमध्ये आणि करार मात्र आपल्या रुपयांत वसूल करायचा, हे गणित बसले नाही. २००५ मध्ये सरकारी कंपन्यांनी तो प्रकल्प हाती घेतला. पुढे देशातल्या गॅसचा पुरवठा आटला, तेव्हा २०१३ च्या सुमारास तो पुन्हा थंडावला. त्या काळात गुहागरच्या आसपासची किती मुले आयटीआय करून तयार झाली होती! गल्फमध्ये पाइपलाइनवर, टाक्यांवर काम केलेले आमचे लोक ‘आता गावातच नोकरी’ म्हणून परत आले होते. काहींना काम मिळाले, बरेच जण पुन्हा पासपोर्ट काढून निघून गेले. इंधन आपले नसेल तर वीजही पूर्ण आपली नसते, हे कोकणाने जवळून पाहिले.

त्याच दशकात महाराष्ट्राने भारनियमन पाहिले. २००५ नंतरची काही वर्षे खेड्यात दिवसाचे दहा-बारा तास वीज नसायची. इफ्तारला दिवे गेलेले, तरावीहला मस्जिदीत घामाने भिजलेले लोक, आणि दहावीची मुले मेणबत्तीवर. त्या पिढीला वीज कशापासून बनते याच्याशी काही देणेघेणे नव्हते. ती आली पाहिजे एवढेच होते. आज कोळशाला नाव ठेवताना हे विसरता येत नाही. भारनियमन संपले ते मोठ्या प्रमाणात कोळशाच्याच नव्या केंद्रांमुळे. जयगडचे १२०० मेगावॅटचे केंद्र त्याच सुमाराला, २०१०-११ मध्ये उभे राहिले.

अणुविजेची सुरुवात देशात झाली तीही आपल्याच राज्यात, तारापूरला, १९६९ मध्ये. तरी आज साऱ्या देशाच्या विजेत तिचा वाटा तीन टक्क्यांच्या आसपास आहे. माडबनला जैतापूरचा प्रकल्प झाला तर तिथे सहा अणुभट्ट्यांतून ९९०० मेगावॅट, म्हणजे पाच कोयना इतकी वीज होईल असे नियोजन आहे. धूर नाही, रात्रंदिवस वीज, जागा कमी, हे त्याचे गुण. पण मार्च २०११ मध्ये जपानच्या फुकुशिमात जे घडले ते टीव्हीवर साऱ्यांनी पाहिले, आणि पुढच्याच महिन्यात जैतापूरच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात एका तरुणाचा जीव गेला. इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन.

माझ्या खालाचे सासर त्याच खाडीकाठचे. खालू आयुष्यभर मासेमारी करत आले. मी त्यांना एकदा विचारले, “खालू, तुम्हाला वीज नको आहे का?” ते म्हणाले, “बेटी, वीज कोणाला नको? माझ्या घरात फ्रिज आहे, बर्फाचा कारखानाही विजेवरच चालतो. पण अणुभट्टीचे गरम पाणी समुद्रात सोडणार. पाणी कोमट झाले की मासळी सरकते. ती कुठे सरकेल हे मला कोण सांगणार? कागदावर सगळे लिहितात, मासळी कागद वाचत नाही.” मी त्यांना सांगितले की सोडलेले पाणी किती अंशांनी गरम असावे याचे नियम असतात. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, “नियम आहेत ना? मग आमच्यासमोर बसून समजावून द्या. आधी जमीन, मग समजावणे, हा उलटा कारभार.” मला त्यांच्या या म्हणण्यात अडाणीपणा दिसला नाही. कोयनेच्या लोकांनाही आधी उठवले आणि नंतर समजावले होते.

तिकडे आखाताकडे पाहावे तर वेगळेच चित्र. आपल्या कोकणातली हजारो घरे ज्या देशांच्या तेलावर उभी राहिली, तेच देश आता विजेसाठी दुसरा मार्ग धरत आहेत. अबू धाबीच्या वाळवंटात अणुवीज केंद्राच्या चार भट्ट्या २०२० ते २०२४ या काळात एकामागून एक सुरू झाल्या. देशाच्या विजेचा सुमारे चौथा हिस्सा तिथून येतो. त्या जागेचे नाव आहे बराकाह, म्हणजे आपण म्हणतो ती ‘बरकत’. आणि ज्या इंग्लंडने १८८२ मध्ये लंडनला कोळशाचे पहिले सार्वजनिक वीजकेंद्र सुरू केले, त्या ब्रिटनने ३० सप्टेंबर २०२४ रोजी आपले शेवटचे कोळसा-केंद्र बंद केले. एकशे बेचाळीस वर्षे लागली. त्यांना ते जमले, कारण त्यांच्या समुद्रात गॅस मिळाला, वारा भरपूर होता आणि विजेची मागणी वाढायची थांबली होती. आपली मागणी मात्र वाढतेच आहे. ३० मे २०२४ रोजी ती अडीच लाख मेगावॅटवर गेली होती. दरडोई वापर १६ युनिटवरून आता १४०० च्या जवळ गेला, तरी तो श्रीमंत देशांपेक्षा खूपच कमी आहे. म्हणून आपल्याकडे जुने जाऊन नवे येत नाही. जुन्यावर नव्याची भर पडते.

नव्याची भर मात्र चकित करणारी आहे. २०१४ च्या मार्चमध्ये देशात सौर विजेची क्षमता तीन हजार मेगावॅटहून कमी होती. २०२५ च्या जानेवारीत ती एक लाखावर गेली. पंधरा वर्षांपूर्वी सौर विजेचे युनिट दहा रुपयांहून महाग पडायचे. २०१७ मध्ये राजस्थानातल्या भडलाच्या लिलावात तेच २ रुपये ४४ पैशांवर आले. जुलै २०२५ मध्ये सरकारने जाहीर केले की देशाच्या एकूण क्षमतेपैकी निम्मी आता पाणी, ऊन, वारा, अणू अशा कोळसा-गॅसविरहित स्रोतांची आहे. मग वर मी सत्तर टक्के वीज कोळशाची का म्हटले? हे दोन्ही खरे आहे, आणि इथेच वाचकांचा गोंधळ होतो. क्षमता म्हणजे किती करू शकतो, निर्मिती म्हणजे प्रत्यक्षात किती केली. सौर पॅनेल रात्री काम करत नाही, ढगात कमी करते. कोळशाचे केंद्र रात्रंदिवस चालते.

हे मला सर्वांत चांगले समजावता आले ते आमच्या मस्जिदीच्या निमित्ताने. मस्जिदीचे वीजबिल उन्हाळ्यात फार येते, म्हणून छतावर सौर पॅनेल बसवावे, असा विषय जमातीच्या बैठकीत निघाला. काहींचे म्हणणे, हा पैसा मदरशाच्या गळक्या छपरावर आधी घाला. मुतवल्ली साहेबांनी निरोप पाठवला, “टीचर, तुम्ही हिशेब मांडून द्या, मग ठरवू.” मी बिले मागवली आणि पाहिले की विजेचा वापर दोन वेळी चढतो. एक जुमाच्या दुपारी, जेव्हा ऊन डोक्यावर असते. तेव्हा पॅनेल पुरेपूर कामाला येईल. दुसरा रमजानमध्ये तरावीहला, जेव्हा ऊन नसते. नेट मीटर असेल तर दिवसा जादा झालेली वीज तारेतून बाहेर जाते, ती आपल्या खात्यावर जमा होते आणि रात्रीच्या वापरातून वजा होते. बिल कमी होते. पण खात्यावर जमा असणे वेगळे आणि पंख्याला प्रत्यक्ष फिरवणे वेगळे. तरावीहच्या वेळी आमचे पंखे फिरवणारी वीज त्याच क्षणी कुठेतरी तयार होत असते, चंद्रपूरच्या कोळशातून किंवा पोफळीच्या पाण्यातून. वीज धान्यासारखी कणगीत भरून ठेवता येत नाही. देशाचीही हीच अडचण आहे. दुपारी ऊन भरपूर आणि खरी मागणी मगरिबनंतर. कोळशाचे केंद्र पेटवायला तास लागतात, कोयनेचे चक्र काही मिनिटांत फिरते. म्हणून वाटा कमी झाला तरी कोयना आजही मोलाची आहे. संध्याकाळची ओढ ती सांभाळते. याशिवाय दुपारच्या स्वस्त विजेने खालचे पाणी वरच्या तलावात चढवून ठेवायचे आणि रात्री परत उतरवायचे, अशी सोय भिरा आणि घाटघरला आहे. मोठ्या बॅटऱ्याही येत आहेत.

आणखी एक गोष्ट मी त्या कागदावर लिहिली, कारण विक्रेते ती घाईत सांगत नाहीत. बॅटरी नसलेले, तारेला जोडलेले सौर संच गावची वीज गेली की बंद पडतात. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून ती सुरक्षेची सोय असते. जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडला आठवडेच्या आठवडे अंधार होता. तेव्हा असे पॅनेल छतावर असते तरी उपयोग झाला नसता.

मग हिशेबात सर्वांत वर मी काय लिहिले? पंखे. मस्जिदीत चोवीस जुने पंखे आहेत, प्रत्येकी साधारण ७५ वॅटचे. म्हणजे सगळे चालू असताना १८०० वॅट. नव्या बीएलडीसी पंख्याला २८ ते ३० वॅट लागतात. चोवीस पंख्यांना सातशेच्या आसपास. तेवढीच हवा, निम्म्याहून कमी वीज. आधी पंखे बदला, मग जेवढी गरज उरेल तेवढेच पॅनेल बसवा, मदरशाच्या छपरालाही पैसे उरतील. बैठकीत यावर खूप बोलणे झाले म्हणे. एका बुजुर्गांनी म्हटले की वाहत्या नदीवर वुजू करतानाही पाणी वाया घालवू नये, अशी आपल्याला शिकवण आहे. मग विजेचा इसराफ कसा चालेल? पहिले बारा पंखे लागले. छपराचेही काम सुरू झाले. पॅनेलचा निर्णय पावसाळ्यानंतर.

घरांसाठी फेब्रुवारी २०२४ पासून पंतप्रधान सूर्यघर योजना आहे. एक किलोवॅटला ३०,०००, दोनला ६०,००० आणि तीन किंवा जास्त किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान मिळते. एक किलोवॅटला शंभर चौरस फुटांच्या आसपास मोकळे, सावली नसलेले छत लागते आणि वर्षाची सरासरी धरली तर दिवसाला चार युनिट वीज मिळते. कोकणात पावसाचे चार महिने ती बरीच कमी होते, हे आधी धरून चालावे. ज्यांचे बिल महिन्याला शंभर युनिटच्या आत आहे, त्यांनी कर्ज काढून घाई करण्याचे कारण नाही. ज्यांच्या घरी एसी, गिझर, पंप आहे त्यांनी जरूर विचार करावा. गल्फमधून येणारा पैसा तिसऱ्या मजल्यावर घालण्यापेक्षा छतावर घातला तर तो दर महिन्याला परत येतो. आणि आपल्या मुलांनी हे काम शिकावे. माझा भाचा आयटीआयचा इलेक्ट्रिशियन. गल्फचा व्हिसा येण्याची वाट पाहत दोन वर्षे बसला होता. आता तालुक्यात पॅनेल बसवतो, हाताखाली चार मुले आहेत. खाला म्हणते, मुलगा रोज रात्री घरी जेवायला असतो, याहून मोठी कमाई कोणती?

तरी सौर विजेलाही कोणीतरी काहीतरी देतेच. मोठ्या प्रकल्पांना हजारो एकर माळ लागतो आणि त्या माळावर कोणाच्या तरी शेळ्या चरत असतात. पंचवीस-तीस वर्षांनी जुन्या पॅनेलचा कचरा होणार आहे. म्हणून ‘हा स्रोत चांगला, तो वाईट’ एवढेच शिकवून मी थांबत नाही. मुलांना तीन प्रश्न वहीत लिहायला लावते. ही वीज कशातून आली? ती येताना कोणाचे काय गेले? आणि ज्याचे गेले त्याला आधी विचारले का, त्याला त्याचा वाटा मिळाला का? इन्साफ हा शब्द आपण कोर्टकचेरीसाठी राखून ठेवला आहे. तो विजेच्या बिलालाही लागू होतो.

झोपण्यापूर्वी दिवे मालवा, अशी ताकीद हदीसमध्ये आहे. तेव्हा ती आगीच्या भीतीने होती. आजही ती पाळण्याजोगी आहे, फक्त कारणांत भर पडली आहे. रिकाम्या खोलीतला दिवा बंद करताना चंद्रपूरचे एखादे मूल, खाडीवरचे खालू आणि कोयनेच्या पाण्याखालची गावे आपल्याला आठवली, तर ते बटण बंद करणेही नेकीत जमा होईल. अल्लाह आपल्याला दिलेल्या नेमती जपून आणि वाटून वापरण्याची तौफीक देवो. आमीन.